पायाची रक्तवाहिनी बंद : फुगा की बायपास?

सक्करदऱ्यातले माझे मामा रात्री पाय खाटेखाली सोडून झोपायचे. तेवढाच ठणका कमी व्हायचा. अंगठ्याचं टोक काळं पडलं, तेव्हा कुठे डॉक्टर गाठला.

अँजिओप्लास्टीत जांघेतून तार घालून फुग्याने वाट मोकळी करतात, लवकर घरी. बायपासमध्ये मांडीतलीच शीर काढून अडथळ्याला वळसा देतात. जखम लांब, भूलही मोठी. साहजिकच घरच्यांचा कल फुग्याकडे, आमचाही होता.

पण २०२२ची बेस्ट-सीएलआय, म्हणजे रुग्णांवर दोन्ही उपचारांची तुलना करणारी चाचणी बघा. बायपासला लागणारी शीर चांगली असलेल्यांमध्ये घोट्याच्या वरून पाय कापणं, पायावर पुन्हा मोठा उपचार किंवा मृत्यू, यांतलं काही बायपासनंतर ४२.६ टक्क्यांच्या वाट्याला आलं, फुग्यानंतर ५७.४ टक्क्यांच्या. पुढच्याच वर्षी बेसिल-२ या तशाच चाचणीने गुडघ्याखालच्या आजारात उलटा कौल दिला : पाय गमावणं किंवा मृत्यू बायपास गटात ६३ टक्के, फुग्याच्या गटात ५३.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं, आधी शिरेची सोनोग्राफी करून घ्या. शीर जाड, हृदय धडधाकट, तर बायपासला भिऊ नका. मामांची शीर बारीक निघाली, फुगाच केला. आता पाय खाटेवर घेऊन झोपतात.