जुन्या गाडीत नकाशा: डॅशमध्ये बसवलेला की मोबाइलवरचा?

आमची वॅगनआर २०११ची. बाबा अजूनही तीच घेऊन ठाण्याहून वाशीला जातात, म्हणून टेपच्या जागी नेव्हिगेशनचा स्क्रीन बसवायचा की मोबाइल होल्डरवरच भागवायचं, हे मी दोन्ही वापरून पाहिलं.

मोबाइलला वेगळा खर्च नाही. घोडबंदर रोडला गायमुखपाशी गाड्या तुंबल्या की लगेच लाल रेघ दिसते. पण मे महिन्यात काचेमागे तो तापतो, स्क्रीन मंद होतो आणि नेमका वळणावर कुणाचा तरी फोन येतो.

बसवलेला स्क्रीन मोठा. बाबांना मान न वाकवता दिसतो. मात्र सगळं फिटिंगवर आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर, त्यांचा सिग्नल आपल्यापर्यंत येईतो अगदी क्षीण झालेला, पत्र्याआड तो पोचत नाही. दुकानदाराने अँटेना डॅशच्या आत लोखंडी पट्टीखाली कोंबली होती, त्यामुळे बाण सारखा खाडीत फिरायचा. मी ती उपसून पुढच्या काचेखाली, आभाळाकडे तोंड करून चिकटवली. जागा ठरवायला किमान चार उपग्रह लागतात. मिनिटभरात नऊ दिसले! वायरीही कापू देऊ नका, आपल्या मॉडेलचा कपलर, म्हणजे वायरी न कापता जोडायचा प्लग, मागा. शिवाय ट्रॅफिक हवा तर स्क्रीनलाही मोबाइलचा हॉटस्पॉट द्यावाच लागतो.

माजिवड्याला पुलावर आहोत की पुलाखाली, हे दोघांनाही धड कळत नाही. तिथे पाटीच वाचायची.

रोज चालवणाऱ्या बाबांसाठी मी स्क्रीनच ठेवला. गाडी रविवारीच निघत असेल, तर चांगला होल्डर घ्या.