लाकडी की यूपीव्हीसी? गोव्याच्या पावसात गाडीच्या फाटकाची पारख

गाडी आत यायला दहा फुटांची वाट ठेवली की फाटक दोन झडपांचं होतं. एकेक झडप पाच फूट रुंद, साधारण चार फूट उंच. या मापाला सागवान किंवा माट्टीचं लाकूड घ्यावं की व्हिनाइल, म्हणजे बाजारात ज्याला यूपीव्हीसी म्हणतात ते कडक प्लास्टिक, हा प्रश्न आहे. रोज उघडझाप होणाऱ्या मोठ्या फाटकाला आमच्या मते लाकूडच सरस. मालक परदेशी आणि घर वर्षातले आठ-दहा महिने बंद, तर यूपीव्हीसी घ्यावं, पण आत धातूचा सांगाडा असेल तरच.

फाटक कशाचंही असो, बिघाड बहुधा खांबात सुरू होतो. सव्वा इंची सागवानाची एक झडप चाळीसेक किलो भरते. दोन बिजागऱ्यांत तीन फूट अंतर असेल, तर वरची बिजागरी खांबाला कायम सुमारे ३३ किलोंनी बाहेर ओढत असते. चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, खांब दिसायला भक्कम, पण चिरा सच्छिद्र आणि मऊ. त्यात ठोकलेला बोल्ट दोन पावसांत सैल होतो, झडप टेकते, आणि दोष मात्र सुताराला लागतो. खांब बांधतानाच आत सळ्या टाकून काँक्रीटचा गाभा भरावा आणि बिजागरीचे होल्डफास्ट (बिजागरी धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) त्यात बसवावेत. खांब आधीच बांधलेला असेल, तर त्याला लागून गॅल्व्हनाइज्ड चौकोनी पाइप अडीच-तीन फूट खोल काँक्रीटमध्ये उभा करून झडप त्यावर टांगावी. चिरा मग नुसता शोभेला.

लाकडात सागवान पहिलं. पण लवकर वाढलेल्या सागात बाहेरचा पांढुरका भाग पुष्कळ असतो आणि वाळवी आधी त्यालाच लागते. फळी घेताना टोकाचा काप बघा, पांढरं दिसलं तर ती परत करा. माट्टी, म्हणजे ऐन, गोव्याचा राज्यवृक्ष. लाकूड जड आणि चिवट, पण नीट वाळलं नसेल तर पिळतं आणि फाटतं. पाडलेल्या जुन्या घरांचे वासे-तुळया मिळाल्या तर सोडू नयेत, लाकूड वर्षानुवर्षं मुरलेलं असतं. फक्त आतले मोडके खिळे करवतीआधी काढून घ्या. स्वतःच्या भाटातला, म्हणजे बागायतीतला, साग असला तरी तोडायला १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते.

मेस्ताकडून, म्हणजे सुताराकडून, चार गोष्टी करून घ्या. चौकटीचे सांधे कुसवाचे (एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवलेले) हवेत, नुसते खिळ्यांचे नकोत. तिरकी पट्टी खालच्या बिजागरीच्या कोपऱ्यापासून वरच्या मोकळ्या कोपऱ्याकडे जावी. ती उलटी बसवली तर वजन पट्टीवर पेलत नाही, खिळ्यांवर ओढ येते आणि झडप लोंबते. सहा इंची फळी उन्हाळ्यातून पावसाळ्यात जाताना दीडएक मिलिमीटर फुगते, म्हणून दोन फळ्यांत सहा ते आठ मिलिमीटर फट ठेवावी. आणि खालच्या आडव्या पट्टीची वरची कड उतरती तासावी, सपाट कडेवर पाणी थांबतं. जमिनीपासून दोन इंच मोकळे हवेतच. अंगणातून पाणी वाहत असेल तर तीन.

साधं लोखंड सागाला किंवा माट्टीला लागलं की ओलाव्यात काळे ओघळ येतात, लाकडातल्या टॅनिन नावाच्या तुरट द्रव्याचा तो परिणाम. कळंगुट-मोरजीसारख्या किनाऱ्यालगतच्या गावांत ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीललाही खाऱ्या हवेने ठिपके पडतात. तिथे ३१६ दर्जाचे स्क्रू किंवा पितळी बिजागऱ्या घ्याव्यात. फोंडा, सांगे, सत्तरीकडे ३०४ पुरतं.

देखभालीत सगळ्यात मोठी चूक वेळेची होते. चवथीला (गणेश चतुर्थीला) घर रंगवायचं म्हणून फाटकालाही त्याच आठवड्यात पॉलिश मारलं जातं. त्या दिवसांत लाकडात सतरा-अठरा टक्के ओलावा असतो. वरून चकचकीत थर बसतो, ऑक्टोबरच्या उन्हात आतलं पाणी बाहेर यायला बघतं आणि थर फोड येऊन सुटतो. मग पुन्हा सगळं खरवडणं आलं. लाकडाचं काम एप्रिल-मेमध्येच करावं. १२० नंबरच्या पॉलिश कागदाने रेषेच्या दिशेने घासा, धूळ पुसा आणि लाकडात मुरणारं, बुरशीनाशक असलेलं बाहेरच्या कामाचं तेल लावा. दोन्ही झडपा दोन्ही बाजूंनी धरल्या तर कडांसह शंभरेक चौरस फूट होतात, एका हाताला साधारण लिटरभर लागतं. दहा-पंधरा मिनिटांनी वर राहिलेलं पुसून काढा, दुसऱ्या दिवशी दुसरा हात. फळ्यांची कापलेली टोकं पाणी सर्वांत जास्त पितात, त्यांना तीन हात द्या. नुसतं अळशीचं तेल नको, आपल्या दमट हवेत त्यावर काळी बुरशी धरते. काजूच्या टरफलांचं तेल वाळवीला उत्तम, पण कातडी भाजतं, हातमोजे घालूनच लावा. तेलाची फडकी गोळा करून ठेवू नका, आपोआप पेटतात. पाण्यात बुडवा किंवा पसरून वाळवा.

यूपीव्हीसीला वाळवी नाही, तेल नाही, रंग नाही, आणि हा गुण छोटा नव्हे. मात्र खिडक्यांचे पोकळ प्रोफाइल (प्लास्टिकच्या पोकळ पट्ट्या) जोडून फाटक बनवून दिलं जातं, तिथे सावध राहा. दर्शनी भिंत २.५ मिलिमीटरपेक्षा पातळ नको, ‘ए’ वर्गाच्या प्रोफाइलला २.८ असते. आडव्या-उभ्या सगळ्या पट्ट्यांत गॅल्व्हनाइज्ड किंवा अॅल्युमिनियमचा गाभा हवा आणि बिजागरीचे स्क्रू त्या धातूत घुसले पाहिजेत. नुसत्या प्लास्टिकमध्ये ते काही महिन्यांत ढिले पडतात. उन्हात पाच फुटांची पट्टी सकाळपासून दुपारपर्यंत दोन-सव्वादोन मिलिमीटर लांबते, म्हणून दोन झडपांत १० ते १२ मिलिमीटर फट ठेवा. लाकडी नक्षीचा गडद थर सुरेख दिसतो, पण जास्त तापतो आणि वाकतो. गोव्यात पांढराच घ्यावा. नारळाची झावळ पडून किंवा गुराच्या धडकेने पट्टी फुटली तर सांधता येत नाही, अख्खी बदलावी लागते. लाकडात तेवढी एक फळी बदलून भागतं.

पावसानंतर पांढऱ्या प्लास्टिकवर हिरवट शेवाळ येतंच. तीन भाग पांढरं व्हिनेगर आणि सात भाग पाणी मऊ फडक्याने लावून धुवा. माडाचं व्हिनेगर स्वयंपाकालाच ठेवा. थिनर आणि तारेचा ब्रश अजिबात नको. खालच्या पट्टीला निचऱ्याची भोकं आहेत का, हे विकत घेतानाच झडप उलटी करून पाहा. ती नसतील तर आत पाणी साचतं, कापलेल्या टोकांपासून लोखंडी गाभा गंजतो आणि तांबडे ओघळ बाहेर दिसेपर्यंत कळतही नाही. असलेल्या भोकांत मुंग्या माती भरतात, ती मे अखेरीस तारेने मोकळी करावीत. जमिनीतल्या कडीचं भोकही त्याच दिवशी साफ करा.