शेअर गहाण की हातात कॅश?

शेअर घ्यायचा तर मालकाने स्वतःचे शेअर गहाण टाकलेल्या कंपनीचा, की हातात कॅश राखून असलेल्या कंपनीचा? उद्यमबागेत चहाच्या टपरीवर आमचा हा वाद रोजचाच. सरकारी धोरण कधी पलटेल नेम नाही, ७ डिसेंबर २०२३ ला उसाच्या रसापासून इथेनॉल करायला अचानक मनाई आली आणि साखर कंपन्यांचे शेअर धाडकन पडले, आता ज्या प्रमोटरने, म्हणजे कंपनीच्या मुख्य मालकाने, शेअर गहाण टाकून कर्ज उचललंय त्याने काय करायचं? भाव पडला की कर्ज देणारा म्हणतो अजून शेअर दे नाहीतर विकतो, आणि विकले की भाव अजून खाली. सोन्यावरच्या कर्जासारखंच, फक्त सोनं सहसा एका दिवसात इतकं झोपत नाही हो. २००९ ला सत्यम कंपनीच्या घोटाळ्यानंतर सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, प्रमोटरचे गहाण शेअर जाहीर करायला लावले, म्हणून निदान दिसतं तरी. कॅशवाली कंपनी निवांत, पडून असलेल्या पैशावर व्याज कमी मिळतं एवढंच. मी कॅशवालीच घेतो, पण पैसा साठवून नवं मशीनच घेत नसेल तर तीही नको.