विकी-वहीतला शोध: झिम, ऑब्सिडियन, जॉपलिन की टिडलीविकी?

विकी-वही म्हणजे टिपणांची पानं दुव्यांनी एकमेकांना जोडता येतात असं सॉफ्टवेअर; झिम, ऑब्सिडियन, जॉपलिन आणि टिडलीविकी ही त्यातली चार. टिपणं शे-दोनशे असतात तोवर कुठल्याही वहीत शोधाची अडचण येत नाही, कारण पानांची नावंच लक्षात असतात. पानं हजारांत गेली की रंगरूप, प्लगइन वगैरे सगळं मागे पडतं आणि एकच प्रश्न उरतो: लिहिलेलं परत सापडतं का? टिपणं मराठीत असतील तर हा प्रश्न वही निवडतानाच विचारायला हवा.

मराठीत शब्द मूळ रूपात फार वेळ राहत नाही. 'पाणी' लिहिलेलं पान 'पाण्यात', 'पाण्याला' अशा रूपांनी भरलेलं असतं. म्हणून वहीचं शोधयंत्र पूर्ण शब्द जुळवतं की अक्षरांचा तुकडा, यावर बरंच काही ठरतं. तुकडा जुळवणारं असेल तर 'पाण' टाकून बहुतेक रूपं हाती लागतात. पूर्ण शब्दच धरणारं असेल तर 'पाणी' शोधून 'पाण्यात' असलेलं पान येणारच नाही.

ऑब्सिडियन आणि टिडलीविकी तुकडा जुळवतात. ऑब्सिडियनमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एफ दाबून दोन शब्द टाकले की दोन्ही असलेली पानं येतात. ते एकाच ओळीत किंवा एकाच शीर्षकाखाली हवेत अशी अटही घालता येते. पण त्याचं खरं बळ रेगेक्समध्ये, म्हणजे नेमक्या शब्दाऐवजी अक्षरांचा नमुना देऊन शोधण्यात आहे. दोन तिरक्या रेघांमध्ये नमुना लिहायचा, बस. मराठीत हे का लागतं? 'ॲप' हा शब्द दोन प्रकारे टंकला जातो: एकसंध ॲ वापरून, किंवा अ वर चंद्र देऊन. दिसायला दोन्ही सारखेच, पण संगणकासाठी वेगळी अक्षरं. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारा युनिकोडचा नियमही (सामान्यीकरण) त्यांना एक करत नाही. ऑब्सिडियनमध्ये /(ॲ|अॅ)प/ लिहिलं की दोन्ही सापडतात. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतल्या अर्ध्या र चं तेच आहे: कुणाचा कीबोर्ड ऱ ला हलन्त जोडतो, कुणाचा साध्या र ला हलन्त आणि मग एक अदृश्य जोडचिन्ह. फोनवर एक पद्धत आणि संगणकावर दुसरी असेल तर एकाच माणसाच्या वहीत दोन्ही रूपं जमा होतात आणि साधा शोध अर्धीच पानं दाखवतो. एक पथ्य मात्र पाळावं लागतं. ऑब्सिडियनचं रेगेक्स जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेचं आहे; त्यात 'कुठलाही अंक' या चिन्हाला फक्त इंग्रजी अंक कळतात, शब्दसीमेचं (शब्द कुठे सुरू होतो, कुठे संपतो ते सांगणारं) चिन्हही इंग्रजी अक्षरांपुरतंच चालतं. मराठी अंकांतलं साल हवं असेल तर [०-९] असंच लिहावं लागतं.

टिडलीविकी 2004 पासून आहे. अख्खी वही एका एचटीएमएल फाइलमध्ये, ब्राउझरमध्ये उघडणारी. सगळा मजकूर मेमरीतच असल्याने शोध टंकता टंकता होतो आणि शीर्षकात सापडलेलं व एकूण सापडलेलं वेगळं दिसतं. मूळ सेटिंगमध्ये मात्र तीन अक्षरचिन्हांशिवाय शोध सुरूच होत नाही. 'घर' दोनच चिन्हांचा, म्हणून काहीच येत नाही. ही मर्यादा सेटिंगमधून कमी करता येते आणि मराठीसाठी ती पहिल्याच दिवशी करावी. चित्रं याच फाइलमध्ये भरली तर ती फुगते आणि सगळंच मंदावतं. लहान, नेमक्या विषयाच्या वहीसाठी मला ती फार आवडते. आयुष्यभराच्या टिपणांसाठी सुचवणार नाही.

झिमचा विचार वेगळा आहे. प्रत्येक पान म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल. शोधात पानाचं नाव, मजकूर, टॅग यांवर वेगवेगळी अट घालता येते, आणि 'या पानाकडे दुवा देणारी पानं' हीसुद्धा शोधातलीच एक अट असते. ती इतर अटींबरोबर आणि, किंवा, नाही अशी जोडता येते. एखाद्या प्रकल्पाच्या पानाला जोडलेली, पण 'पूर्ण' हा टॅग नसलेली पानं एका ओळीत मागवता येतात. नेमका शब्द आठवत नाही पण संदर्भ आठवतो, अशांसाठी झिम उत्तम. मजकुरात मात्र ते पूर्ण शब्द धरतं आणि शब्द कुठे संपला हे पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या नियमाने ठरवतं. त्या नियमात काना-मात्रा शब्दाचा भाग मानल्या जात नाहीत. म्हणून मराठीत निकाल कधी जास्त येतात, कधी अनपेक्षित. 'पाण*' असं तारा लावून शोधण्याची सवय ठेवली की हा त्रास उरत नाही. झिमला फोनवरचं ॲप नाही.

जॉपलिन टिपणं एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये ठेवतं आणि शब्दांची अनुक्रमणिका तयार करून त्यातून शोधतं. मोठ्या संग्रहातही ते वेगवान राहतं, फोनवरही चालतं. पण तारा शब्दाच्या शेवटीच लावता येतो. शब्दाच्या मधला तुकडा अनुक्रमणिकेतून सापडत नाही. त्यासाठी शोधाच्या सुरुवातीला तिरकी रेघ देऊन साधा शोध घ्यावा लागतो. अनेकांना ही सोय माहीतच नसते.

झिम आणि ऑब्सिडियनचा मोठा फायदा म्हणजे फाइली साध्या राहतात, त्यामुळे वहीचा शोध कमी पडला तरी बाहेरचं हत्यार वापरता येतं. रिपग्रेप हे फाइलींमधला मजकूर शोधणारं, आज्ञा टंकून चालवायचं साधन त्यातलं माझ्या मते सर्वांत चांगलं. अनुक्रमणिका न बनवता हजारो फाइली ते झपाट्याने चाळतं. त्याची शब्दसीमा काना-मात्रा शब्दातच धरते आणि अंकाच्या चिन्हात मराठी अंकही येतात. मराठी मजकूर इतक्या समजुतीने हाताळणारं साधन क्वचितच भेटतं.

मग निवड कशी करायची? मुख्यतः मजकुरात शोधणार असाल तर ऑब्सिडियन. त्याचा कोड खुला नाही, पण फाइली तुमच्याच फोल्डरमध्ये असतात. पानांचे परस्पर दुवे हाच तुमच्या वहीचा कणा असेल आणि खुलं सॉफ्टवेअर हवं असेल तर झिम, सोबत रिपग्रेप. फोनवर खुलं सॉफ्टवेअर हवं असेल तर जॉपलिन. ठरवण्याआधी एक चाचणी पान करून 'ॲप', 'दुसऱ्या' आणि एक तारीख (मराठी व इंग्रजी अंकांत) प्रत्येकी दोन्ही प्रकारे लिहा, 'पाणी' आणि 'पाण्यात' लिहा, मग दोन्ही रूपांनी शोधून पाहा.