गाठ नव्हे, अडकलेले पाणी: एका सोनोग्राफी केंद्राचा अनुभव

आईच्या ओटीपोटात ‘मोठी गाठ’ असल्याचे दुसऱ्या एका केंद्राने घाईघाईने लिहून दिले होते आणि त्या एका ओळीने घरातल्या सर्वांची झोप उडाली होती. या केंद्रातील रेडिओलॉजिस्ट बाईंनी मात्र तो अहवाल बाजूला ठेवून नव्याने तपासणी केली. आईला आधी डाव्या, मग उजव्या कुशीवर वळवून त्यांनी स्क्रीन आमच्याकडे फिरवली. तो काळा भाग जागचा हलत नव्हता, म्हणूनच गाठीसारखा भासत होता. पण त्याला स्वतःची भिंत नव्हती, आतड्यांच्या वेटोळ्यांमधील फटींचाच आकार त्याने घेतला होता आणि डॉपलरमध्ये (रक्ताची हालचाल दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) आत रक्तप्रवाह दिसत नव्हता. जलोदराचे, म्हणजे पोटाच्या पोकळीत साठलेले, पाणी चिकटलेल्या पापुद्र्यांमध्ये अडकले की असेच फसवते, असे त्यांनी समजावले. सीटी स्कॅनमध्ये घनता १० हाउन्सफील्ड एकके (सीटीवरील घनतेचे माप, ज्यात पाणी शून्य धरतात), म्हणजे पाण्याच्या जवळच, आली. हे पाणी क्षयरोगामुळे साठले की कर्करोगामुळे, याचा निर्णय केवळ चित्रावरून होत नाही, सुईने काढलेले पाणी तपासावेच लागते, हेही त्यांनी अहवालात स्पष्ट नोंदवले. प्रतीक्षा दोन तासांची होती, खुर्च्याही अपुऱ्या होत्या. तरीही पुढची तपासणी आम्ही येथेच करणार आहोत.