न्याय आणि आदर शिकवणारे घरगुती उपक्रम : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यापासून कोथरूडमधील आमच्या घरी सात वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा यांच्यासाठी हे उपक्रम चालू आहेत. आता संक्रांत उलटली असल्याने त्यांपैकी काय टिकले आणि काय गळले, हे सांगता येईल.

सर्वांत उपयोगी ठरला तो वाटणीचा नियम : एकाने कापायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचे. लहान तुकडा आपल्याच वाट्याला येऊ शकतो हे कापणाऱ्याला ठाऊक असल्यामुळे बोथट सुरीसुद्धा कमालीच्या काळजीने चालते; मुलगी तर गुळाच्या पोळीची आधी घडी घालून मध्य शोधते. निवाडा करण्यासाठी मोठ्यांना मध्ये पडावे लागत नाही, हा मला यातला खरा लाभ वाटतो. मुलाला मात्र कमी मिळालेले लगेच दिसते, जास्त मिळालेले दिसत नाही. त्याला अप्पलपोटा ठरवण्याचे कारण नाही. ब्लेक आणि मॅकऑलिफ यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात चार ते सात वर्षांची मुले स्वतःला कमी देणारी वाटणी नाकारत होती. स्वतःला जास्त देणारी वाटणीही नाकारणारी मुले आठ वर्षांची होती.

दुसरा उपक्रम चिकटपट्टीचा. प्रत्येक मुलाने आपल्याला कुठे लागले आहे ते सांगायचे आणि आपण सर्वांच्या कोपरालाच पट्टी लावायची. शेजारची मुले जमलेली असताना हा खेळ घेतला, तेव्हा ‘माझा तर गुडघा दुखतोय!’ असा एकच गिल्ला झाला. सर्वांना सारखे देणे आणि ज्याला जे हवे ते देणे यांतला फरक व्याख्यानाने इतक्या लवकर पटला नसता. आजीला आधी खुर्ची का, ही कुरकुर त्यानंतर बरीच कमी झाली.

आदराच्या बाबतीत ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ज्या ताई आमच्याकडे कचरा न्यायला येतात, त्यांच्यापासून सुरुवात केली. त्यांना नावाने ‘ताई’ म्हणणे सोपे होते. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून त्यावर लाल खूण करणे हे मुलांना अधिक भिडले, कारण कोणाचा हात कापेल हे त्यांना माहीत होते.

गंज पेठेतील फुलेवाड्याची भेट घरगुती उपक्रमात मोडत नाही, तरी तिचा उल्लेख करतो. महात्मा फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला, हे ऐकल्यावर मुलीने विचारले, ‘पाणी घ्यायला कोणी अडवायचेच कशाला?’ वाटा किती, याआधी वाट्यापर्यंत पोहोचू दिले जाते का, हा प्रश्न वाटणीच्या खेळात कधीच येत नाही.

चांगल्या वागण्याबद्दल चांदण्या चिकटवण्याचा तक्ता आम्ही काढून टाकला. मुले एकमेकांच्या चांदण्या मोजण्यातच गुंतली. विकतच्या चित्रपत्त्यांवर दोघेही अचूक उत्तरे देत आणि तेच पत्ते एकमेकांच्या हातून हिसकावून घेत. त्यांवर पैसे घालवू नयेत.

चार वर्षांच्या आतील मुलांसाठी झोपाळ्यावर किंवा घसरगुंडीवर पाळी लावण्याचा खेळ पुरेसा आहे. पाळी संपल्याचे कळावे म्हणून वाळूचे लहान घड्याळ जवळ ठेवावे. मोबाइलचा गजर लावला, तर मुलांचे लक्ष मोबाइलकडेच जाते.