काचा पुसायला स्प्रे-पेपर बरा की बादली-वायपर? आपल्या खान्देशातल्या घरांसाठी

स्प्रे मारून जुन्या पेपरने काच पुसायची की साबणाचं पाणी आणि वायपर घ्यायचा, यावर घराघरात वाद होतात, आणि गंमत म्हणजे दोन्हीकडचे लोक खरं बोलत असतात, कारण त्यांच्या काचाच वेगळ्या असतात. त्यात आपण व्हिडिओ बघतो मुंबईचे, तिकडे काचेवर बसतो दमट चिकट मळ, आणि आपल्याकडे जळगाव-धुळे-नंदुरबारला बसते कोरडी माती, उन्हाळ्यात वाऱ्याबरोबर तर इतकी येते की सकाळी पुसलं की संध्याकाळी बोटाने नाव लिहा. वरून बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके. आणि ज्या खिडकीला कूलर लावलाय तिथली काच तर विचारूच नका.

म्हणून सामान घ्यायच्या आधी एक बघा, ओलं बोट काचेवर फिरवा आणि वाळू द्या. वाळल्यावरही तेवढी पट्टी चकचकीत राहिली तर ती नुसती धूळ आहे. पण पांढरे ठिपके परत जसेच्या तसे दिसायला लागले तर ते क्षार आहेत, म्हणजे पाण्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियमचा थर, आणि तो साबणाने पण जात नाही आणि त्या निळ्या स्प्रेने पण जात नाही, कितीही घासा. त्याचं खाली सांगतो.

आधी स्प्रेवाली पद्धत. अर्ध्या लिटरची बाटली शंभराच्या आसपास मिळते, पेपर घरात असतोच, पाणी लागत नाही (नळ एक-दोन दिवसाआड येत असेल तर हा मुद्दा छोटा नाही भो), आणि काम पटकन उरकतं. जुन्या लाकडी खिडक्या असतील, छोटे छोटे चौकोन, मध्ये पट्ट्या, तर डोळे झाकून हीच पद्धत धरा, कारण तिथे वायपर बसतच नाही. कपाटाच्या काचा, आरसे, आतल्या दाराची काच, सगळं यानेच. पेपर काचेवर धागे सोडत नाही हे खरंय, पण शाई हाताला लागते आणि खिडकीची चौकट पांढऱ्या पावडर कोटिंगची असेल तर तिच्यावर काळे हात उमटतात. मला विचाराल तर पेपरपेक्षा जुनं, खूप वेळा धुतलेलं सुती धोतर किंवा सुती साडीचा तुकडा जास्त चांगला. मायक्रोफायबर पण मस्त, फक्त ते इतर कपड्यांसोबत आणि कम्फर्ट वगैरे टाकून धुवू नका, मग ते पाणी ओढत नाही, नुसतं फासत बसतं. टॉवेल नको, फार लव सोडतो.

पण या पद्धतीचा एक मोठा तोटा आहे तो आपल्याकडेच जास्त जाणवतो. बाहेरच्या बाजूला मातीचा थर असताना लोक थेट स्प्रे मारतात आणि घासतात, त्याने एक तर चिखल होतो, पेपर बदलून बदलून रद्दी संपते, आणि दुसरं म्हणजे ओरखडे पडतात. धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि ते काचेपेक्षा कडक असतात, कडकपणाच्या मोह्स मापावर वाळूतलं क्वार्ट्झ (गारगोटी) ७ आणि काच साधारण साडेपाच. म्हणजे तुम्ही काच पुसत नसता, सॅंडपेपर फिरवत असता. भुसावळ साइडला जिथे कोळशाची राख उडते तिथे पण हेच. तर स्प्रे वापरायचा असेल तरी आधी मऊ ब्रशने किंवा कुंच्याने धूळ झाडा, मगच ओलं करा.

आता बादली-वायपर. बाहेरची बाजू, मोठ्या स्लायडिंगच्या काचा, गॅलरीचं दार, इथे याला तोड नाही, कारण इथे माती घासली जात नाही, पाण्याबरोबर वाहून जाते. खर्च एकदाच, चांगला वायपर दोन-चार वर्षं चालतो. पण वायपर काचेचा घ्या, एका पातळ रबराचा. फरशीवरचा पाणी ओढायचा जाड फोमचा वायपर काचेवर रेघाच मारतो, आणि मग लोक म्हणतात वायपर बेकार असतो. अर्ध्या बादलीला भांड्याच्या लिक्विडचे चार-पाच थेंब बस झाले, आपली सवय असते की फेस झाला म्हणजे साफ होणार, पण जास्त साबण म्हणजे जास्त पट्टे. स्पंजने ओलं करायचं, वायपर वरून खाली ओढायचा, प्रत्येक ओढीनंतर रबर कापडाने पुसायचं (हे कोणी करत नाही आणि सगळा खेळ इथेच बिघडतो), शेवटी कडेला राहिलेलं पाणी सुक्या कापडाने टिपायचं. आतून आडवा ओढा आणि बाहेरून उभा, म्हणजे रेघ राहिलीच तर कोणत्या बाजूला आहे ते लगेच कळतं, नाहीतर माणूस आत-बाहेर करून वैतागतो.

अडचण येते ग्रिलची. बाहेर ग्रिल आणि आत स्लायडिंग असेल तर दोन्ही पल्ले एका बाजूला सरकवून मोकळ्या भागातून हात घालायचा, पण ग्रिलच्या नक्षीत वायपर अडकतो. जाळी जवळ जवळ असेल तर वायपरचा नाद सोडा आणि ओलं कापड, मग सुकं कापड, एवढंच करा. पल्ला उचलून काढता येतो, तळमजल्यावर काढा आणि अंगणात आडवा ठेवून धुवा, मस्त होतं. पण वरच्या मजल्यावर एकट्याने पल्ला काढायच्या भानगडीत पडू नका, काच जड असते.

दोन्ही पद्धतींपेक्षा जास्त फरक पडतो तो शेवटच्या पाण्याने, आणि यावर कोणी बोलतच नाही. बोअरच्या पाण्याने धुऊन काच तशीच वाळू दिली तर मेहनत पाण्यात, ठिपके पुन्हा तयार. आरओचं वाया जाणारं पाणी काही जण साठवून फरशीला वापरतात, ते काचेला अजिबात नको, त्यात क्षार आणखी जास्त असतात. शेवटचा हात आरओच्या पिण्याच्या पाण्याने, नाहीतर एसीच्या नळीतून जे पाणी टपकतं त्याने द्या, ते हवेतल्या वाफेचं पाणी असल्यामुळे त्यात क्षार जवळपास नसतात. एक तांब्याभर पुरतं.

आता ते कूलरजवळचे पांढरे डाग. तिथे स्प्रे आणि साबण दोघेही नापास, आंबटच लागतं. साधा पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, कापड भिजवून काचेवर दहा मिनिटं चिकटवून ठेवा, मग घासून धुवा. व्हिनेगर नसेल तर लिंबाची फोड चोळा. खाली संगमरवर किंवा कोटा बसवलेला असेल तर त्याच्यावर थेंब पडू देऊ नका, आंबटाने तो दगड खाल्ला जातो, ग्रॅनाईटला तेवढी काळजी नाही. आणि टाइल्सचं ॲसिड किंवा टॉयलेट क्लिनर कोणी सुचवलं तर हात जोडा, ॲल्युमिनियमची चौकट काळी-पांढरी पडते, वास डोक्यात जातो ते वेगळं. वर्षानुवर्षं बसलेला डाग व्हिनेगरनेही गेला नाही तर काचच खाल्ली गेली असं समजा, ती आता पॉलिशवाल्याचं काम.

वेळ कोणती, हेही बघा. एप्रिल-मे मध्ये पश्चिमेची काच दुपारी धुवायला घेतली तर पारा चव्वेचाळीसला, पाणी वायपर ओढायच्या आधीच वाळतं आणि पट्टे पडतात. सकाळी सावलीत करा. उन्हाळ्यात नुसतं झाडणं पुरे, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पाहुणे येणार असले तरी आतून स्प्रे आणि बाहेरून झाडणी एवढंच. श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या साफसफाईला पाऊस असतो त्यामुळे बाहेरची काच धुण्यात अर्थ नाही. बादली-वायपरचं मोठं काम पाऊस संपल्यावर, दसरा-दिवाळीच्या मध्ये एकदा.

म्हणजे एकच काहीतरी विकत घ्यायचं असेल आणि घर स्लायडिंगचं असेल तर काचेचा वायपर घ्या, लाकडी चौकोनांच्या खिडक्या असतील तर दोन मायक्रोफायबरचे कापड घ्या, स्प्रे आरशापुरता ठेवा. काचेला उन्हासाठी काळी फिल्म लावली असेल तर त्या बाजूला अमोनियावाला स्प्रे मारू नका, फिल्म खराब होते, साबणाचं पाणी आणि मऊ कापडच. आणि काही करा, काचेच्या आधी खालचा ट्रॅक साफ करा, जुन्या टूथब्रशने, त्यात बाहेरच्या बाजूला बारीक भोकं असतात ती मातीने बुजली की पावसाचं पाणी ट्रॅकमध्ये साचून भिंतीवरून घरात येतं.